चार फूट दहा इंचांच्या आतला फुटबॉल

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या गोंदियाच्या क्लबानं एकाच सामन्यात अकरा गोल खाल्ले. अकरावा होत होता तेव्हा आमचा गोलकीपर मैदानाबाहेरच्या भुट्टेवाल्याशी बोलत होता. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, तोवर बिचाऱ्याला भूक लागली होती. मी ह्या क्लबाचा सेक्रेटरी. सेक्रेटरी व्हायला फुटबॉल यावा लागतो असा पुष्कळांचा गैरसमज आहे. त्यासाठी घरात एक मोकळा कोपरा लागतो, जिथे बॉल, पंप आणि अकरा घामट बनियन ठेवता येतात. माझ्या घरी तो होता.

कमिटी बसली. जबलपूरची पोरं चांगली खेळतात, ती तिथे कशी तयार करतात हे कोणीतरी जाऊन पाहून यावं, असं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गुणांमुळे नव्हे. जबलपूरला माझी थोरली बहीण दिलेली आहे, म्हणजे क्लबाला राहण्याजेवण्याचा खर्च पडणार नव्हता.

अडचण एवढीच की पाकिस्तानशी लढाई जुंपली होती आणि जबलपूर म्हणजे तोफा-गोळे करणारं गाव. "पहिला बॉम्ब तिथंच पडते," असं शेजारच्या मास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं. मी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा ना. फक्त तो नवा कोट ठेवून जा."

गोंदियाहून जबलपूरला लहान गाडी जाते. तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी तिच्यातून प्रवास केला त्यांना गरज नाही, आणि ज्यांनी केला नाही त्यांना उगाच का घाबरवा?

कांचघर

पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती, पण दिवे लागत नव्हते. लढाईमुळे ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, टांग्याच्या कंदिलाला अर्धा काळा रंग. ताईच्या मोहल्ल्यात, कांचघरच्या गल्लीत, मी अंदाजानं एका दारात शिरलो, पुढ्यात लुगड्याचा काठ दिसला तसा वाकून पाया पडलो. मायेचा हात डोक्यावर आला, पाण्याचा पेला हातात आला, आणि मग आवाज आला, "सुखी रहो बेटा. मगर तुम हो कौन?" ताईचं घर पुढचं होतं.

ताईनं पोह्यांवर जिलबी ठेवून पुढ्यात आणली. आमच्याकडे गोड आणि तिखट निदान वेगवेगळ्या बश्यांत येतं. इथे दोघं एकमेकांच्या मांडीवर बसतात. मी नाक मुरडलं, एक घास खाल्ला, आणि दुसरी बशी मागितली.

भाऊजी त्या आठवड्यात रात्रपाळीला होते. लढाई लागल्यापासून पाळी बारा तासांची झाली होती, संध्याकाळी सात ते सकाळी सात. भाऊजी फॅक्टरीत गेजवर तपासनीस आहेत. म्हणजे काय, ते त्यांनी मला मागाहून दोन वाट्या आणि एक लिंबू घेऊन समजावलं. प्रत्येक वस्तूला दोन मापं असतात. एकातून ती गेली पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. पास झाली तर 'गो', नाहीतर 'नो गो'. मधलं काही नसतं. 'जवळजवळ' हा शब्द ऐकला की भाऊजींच्या कपाळाची शीर उडते. "जवळजवळ बरोबर गोळा तिकडं आपल्याच जवानाच्या हातात फुटते," ते म्हणतात. ताई सांगते, लग्नानंतर तिची पहिली पोळी त्यांनी खाण्याआधी कंदिलासमोर धरून पाहिली होती. पोळी पास झाली.

आणि हेच भाऊजी जबलपूरच्या पोरांच्या फुटबॉलमधले सर्वांत भयंकर गृहस्थ आहेत, हे मला पोचलो त्याच संध्याकाळी ताईकडून कळलं.

झालं असं की इथे लहान पोरांची स्पर्धा वयावर नसते. जन्माचा दाखला कोणाकडे असतो? आणि ज्याच्याकडे असतो तो त्याच्या धाकट्या भावाचा असतो. म्हणून स्पर्धा उंचीवर. चार फूट दहा इंच. प्रत्येक सामन्याआधी प्रत्येक पोरगं मोजायचं. पूर्वी बांबूवर खूण करून मोजत, आणि सामन्यापेक्षा मारामारी जास्त रंगे. मग भाऊजींनी लोखंडाची कमान केली: दोन खांब, वर आडवा गज, खाली फळी. स्वतःच्या सुट्टीत, स्वतः विकत घेतलेल्या लोखंडाची. पोरगं खालून ताठ गेलं तर पास, डोकं गजाला लागून 'टिंग' वाजलं तर घरी. पोरं ढगळ चड्डीत गुडघे वाकवीत, म्हणून भाऊजींनी गुडघ्यामागे पट्टी बसवली. डोकी तासून येत, त्याला मात्र त्यांची हरकत नव्हती. "केस म्हणजे माल नव्हे," ते म्हणाले.

कमान घरातच, तेलाच्या फडक्यात गुंडाळून, देवाच्या खालोखाल मानानं ठेवलेली असते.

गेल्या वर्षी ह्याच कमानीनं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गढा मोहल्ल्याच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड फायनलच्या दिवशी परत पाठवला. पोस्टकार्डाच्या जाडीएवढा जास्त भरला. गढ्याची टीम चालवतात दुबेजी नावाचे हलवाई. तेव्हापासून भाऊजी दिसले की ते हात जोडून म्हणतात, "इंस्पेक्टर साहब, ऊपर जाओगे तो स्वर्ग का दरवाज़ा भी नाप के ही अंदर जाना!"

यंदा फायनलला गढा होताच. आणि त्याच्यासमोर, क्लबाच्या जन्मात पहिल्यांदा, कांचघर. कांचघरचा लेफ्ट विंग म्हणजे माझा भाचा अरुण, वय तेरा, मांड्यांपेक्षा गुडघे मोठे.

"मामा, हे माझं शेवटचं साल आहे," तो मला म्हणाला. "पुढच्या साली मी कमानीत नाही बसत."

"मग मोठ्यांत खेळ."

तो माझ्याकडे असं पाहू लागला की मला माझं सेक्रेटरीपद आठवलं. मोठ्यांच्या टीममध्ये फॅक्टरीतले मिस्त्री खेळतात. त्यांची एकेक पोटरी ह्याच्या कमरेएवढी. कमानीतून बाद झालेल्या पोराला मिस्त्र्यांच्या अंगाला अंग लावण्याएवढं होईपर्यंत दोन-तीन वर्षं कुठेच जागा नसते. बहुतेकांचा खेळ तिथेच सुटतो, मग भाजीची पिशवी आणि ट्यूशन. अरुण नऊ वर्षांचा असल्यापासून खेळतो आहे आणि फायनल म्हणजे काय ते त्यानं फक्त दोरीच्या बाहेरून पाहिलं आहे.

मैदान

ज्याच्यासाठी मी आलो ते पाहायला दुसऱ्या दिवशी गेलो. कांचघरची पोरं घोषदा तयार करतात. हे फॅक्टरीत फिटर, बंगाली, अंगानं काडी, आवाज भोंग्यासारखा. बावीस पोरं आणि एक बॉल, त्याचीही शिवण उसवलेली. मी वही काढली आणि विचारलं, "एका बॉलवर बावीस जण कसे शिकणार?"

"जिसको बॉल नहीं मिला, वो देखना सीखेगा," घोषदा म्हणाले. "देखना भी खेल है. तुम्हारे गोंदिया में देखता है कोई?"

मला भुट्टेवाला आठवला. मी वहीत 'देखना' एवढंच लिहिलं.

त्यांची पद्धत अशी. सर्वांच्या उजव्या पायाला गोणपाट गुंडाळायचं, म्हणजे झक मारून डावा वापरावा लागतो. दोन सायकली समोरासमोर उभ्या करायच्या आणि दोन चाकांमधून बॉल पास करायचा. सायकल पडली तर ज्याची चूक त्यानं ती पुसून द्यायची. जास्त चुकणाऱ्या पोराची स्वतःची सायकल नसते, पण ती पुसण्यात तो पटाईत होतो. मी म्हटलं, मीही करून पाहतो. पहिलाच पास चाकात गेला. दोन आरे गेले. सायकल भाऊजींची होती.

मग मी आपला कडेला बसून वहीत आकृत्या काढू लागलो. बाण, चौकोन, 'डावीकडून हल्ला', 'मध्य मोकळा', 'उजवी फळी कच्ची'. एवढ्यात गळ्यात शिट्टी अडकवलेला नागरी संरक्षणाचा एक स्वयंसेवक मागे येऊन उभा राहिला. त्यानं वही उचलली, बाण पाहिले, फॅक्टरीच्या दिशेला पाहिलं, आणि माझी कॉलर धरली. "कहाँ से आए हो?" "गोंदिया." "ये किधर पड़ता है?" मी हातानं दिशा दाखवली, ती नेमकी चुकली. अर्धा तास मी शत्रूचा हेर होतो. शेवटी घोषदा आले, त्यांनी आकृत्या नीट पाहिल्या आणि म्हणाले, "छोड़ दो भाई. इस प्लान से कोई नहीं जीत सकता."

त्याच संध्याकाळी कमिटीचा माणूस निरोप घेऊन आला. संध्याकाळी मैदानावर नागरी संरक्षणाची कवायत असते आणि दिवसपाळीवाले सातपर्यंत सुटत नाहीत, म्हणून फायनल परवा सकाळी, रात्रपाळी सुटल्यावर. माप साडेसातला, सामना आठला.

सगळे खूश झाले. अरुणही झाला.

सकाळ आणि संध्याकाळ

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तर अरुण मधल्या खोलीत कमान उभी करून तिच्याखाली उभा. वडील कामावर, आई झोपलेली. 'टिंग' असा बारीक आवाज झाला. त्यानं पुन्हा टाच टेकवली, पुन्हा टिंग.

"काय करून राहिला बे?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पांढराफटक. "मामा, मी रातच्या रातीत वाढलो."

"असं कोणी वाढतं का?"

"काल सांजेला गेलो होतो ना खालून! रोज जातो! आता काहून नाही जाऊन राहिलो?"

मी त्याची समजूत घालून झोपायला पाठवलं आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून पेन्सिलनं खूण केली. मला वाटलं, पोराचा भ्रम असेल. संध्याकाळी मी त्याच खुणेला टेकलो तर मीच जवळजवळ अर्ध्या इंचानं खाली गेलो होतो. (ह्या वयात माणूस बऱ्याच बाबतींत खाली जातो, पण एका दिवसात एवढा?) अरुणला कमानीखाली उभा केला. सुळकन गेला.

माणूस झोपून उठला की लांब असतो आणि दिवसभर उभा राहून, धावून, बोलणी खाऊन आखूड होत जातो, हे शास्त्र आम्ही मामा-भाच्यांनी कांचघरच्या मधल्या खोलीत शोधून काढलं. आजवर मापं संध्याकाळी होत म्हणून कोणाला पत्ता नव्हता. आणि उद्या माप सकाळी होतं.

"बाबांना सांगू या," मी म्हटलं.

"नाही! ते म्हणतील, मुलासाठी नियम बदलला. आधीच दुबेजी सगळीकडं सांगून राहिले की इंस्पेक्टरचा पोरगा बिना मापाचा खेळते." त्यानं माझा हात धरला. "मामा, तुम्ही मला कमी करा ना."

आता एवढ्या विश्वासानं आजवर मला कोणी काही सांगितलेलं नाही. मी हो म्हटलं.

फायनल

योजना साधी होती. पहाटे उठायचं आणि डोक्यावर ओझं घेऊन चालायचं. ओझं म्हणून मी ताईचा गव्हाचा डबा घेतला. कोणी विचारलंच तर गिरणीवर जातोय म्हणायचं. उजाडता उजाडता आम्ही निघालो. अरुणच्या डोक्यावर चुंबळ, वर डबा, मागून मी. गल्लीच्या टोकाला गिरणीवाला दात घासत होता. म्हणाला, "आओ आओ, आज बोहनी तुमसे!" आम्ही थांबलो नाही. तो ब्रश तोंडात धरूनच आमच्याकडे पाहत राहिला.

तासभर छान चाललं. मग मला हुशारी सुचली. थोडा वेळ डबा मी उतरवून घेतला, त्याला जागेवर धावायला लावलं, आणि डबा पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवायला एका ओट्यावर चढलो. चुंबळ सरकली होती ते मी पाहिलं नाही. डबा हातातून निसटला आणि त्याचा काठ बरोबर अरुणच्या टाळूवर बसला. पोरगं खाली बसलं, गहू रस्ताभर झाला, आणि कुठून तरी चार बकऱ्या आल्या.

"लागलं का रे?"

"नाही, मामा." डोळ्यांत पाणी. "चला ना, उशीर होऊन राहिला."

मी टाळू चाचपली. सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं आणि माझ्या बोटांखाली वाढत होतं. म्हणजे पोराला कमी करायला निघालेला मी त्याला वाढवून मैदानावर घेऊन गेलो.

मैदानावर रात्रपाळीचे लोक डबे घेऊन दोरीच्या कडेनं बसले होते, जांभया देत. भाऊजी फॅक्टरीतून थेट आले होते, डोळे लाल. आदल्या संध्याकाळी कामावर जाता जाता त्यांनी कमान इथल्या कोठीत ठेवून दिली होती. ती उभी केली, ओळंबा लावला आणि मापाच्या वेळी असतात तसे उभे राहिले: डोळा गजाच्या पातळीला. पोरांच्या तोंडाकडे ते कधी पाहत नाहीत.

पहिली गढ्याची टीम. टिंग. टिंग. टिंग. अकरापैकी सात बाद. दुबेजींचं तोंड उघडंच राहिलं. "कल तक तो सब पास थे! रात में खाद डाला क्या किसी ने?"

मग कांचघर. आठ बाद, त्यांत अरुण. दोन्ही टीम मिळून मैदानावर सात पोरं उरली. कारण उघड होतं, जो तो चार फूट दहाला टेकलेली पोरंच निवडून आणतो. गर्दीतून कोणी ओरडलं, "मैच होगा कि हम सोने जाएँ?"

भाऊजींनी पोलादी पट्टी काढून कमान तपासली. बरोबर. पुन्हा तपासली. बरोबर. त्यांना मी पहिल्यांदाच गोंधळलेलं पाहिलं. मी पुढे झालो आणि चौकटीवरच्या माझ्या खुणांचं सांगितलं. अरुणचं नाव घेतलं नाही.

भाऊजींची मान हलली. "लोखंड गरम झालं की वाढते. फॅक्टरीत माल आधी थंड करतात, मग गेज लावतात." ते दुबेजींकडे वळले. "दुबेजी, माल अभी सोके उठा है. एक घंटा काम कराओ, फिर नापेंगे."

मैदानाच्या कडेला खंदकासाठी वाळूची पोती रचायची होतीच. दोन्ही टीमची पोरं कामाला लागली. दुबेजी स्वतः एक पोतं घेऊन पळाले, त्यांना कशासाठी आखूड व्हायचं होतं कोण जाणे. परवा मला धरणारा स्वयंसेवक इतका खूश झाला की त्यानं मला सलाम केला.

तासानं पुन्हा माप. एकेक पोरगं कमानीखालून जायचं आणि रात्रपाळी टाळ्या वाजवायची. गढ्याचे सातही गेले. कांचघरचे सात गेले. शेवटी अरुण.

टिंग.

"परत," भाऊजी गजाकडे पाहत म्हणाले.

टिंग.

दुबेजीच पुढे आले. "जाने दो बाबूजी. बच्चा है. बाल बराबर फ़र्क़ होगा."

"पिछले साल आपके लड़के को जाने दिया था क्या?" भाऊजी म्हणाले. आणि मग, फॅक्टरीच्या पट्ट्यावरून पुढे सरकणाऱ्या गोळ्याबद्दल म्हणावं तसं, "नो गो."

मला टेंगळाबद्दल तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. मग दोरीपलीकडे ताई दिसली, हातात सगळ्या टीमसाठी चिवड्याचा डबा, आणि मला सांडलेले गहू आठवले. भाऊजींची मला भीती नव्हती. मी तोंड मिटलं. अरुणनं माझ्याकडे पाहिलं, आणि तोही काही बोलला नाही. मामाला वाचवत होता.

त्याच्या जागी जोसेफ नावाचं एक चिमणं पोरगं उतरलं, अरुणचेच बूट घालून, पुढे कापूस कोंबून. अरुण दोरीशी बसून सबंध वेळ ओरडत होता, "जोसेफ, डावा! अबे डावा पाय!" गढा दोन, कांचघर एक. भाऊजी कमानीच्या खांबाला धरून उभ्या उभ्या झोपले होते.

गढा

त्या दुपारी भाऊजी न जेवता झोपले. अरुण पायरीवर. ताईनं त्याला ओढून तेल लावायला बसवलं, आणि तिची बोटं थांबली.

"हे काय आहे डोक्यात?"

"काही नाही."

"आणि माझा गव्हाचा डबा कुठं आहे?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर मी एकच आहे हे तिला लगेच समजलं. मी सगळं सांगितलं. ती जे बोलली ते छापण्यासारखं नाही, आणि त्या आवाजानं भाऊजी उठून आले. त्यांनी पुन्हा सगळं ऐकलं. अरुणची मान वाकवून अंगठ्यानं टाळू तपासली. सूज बरीच उतरली होती. मग ते आत गेले आणि कमान घेऊन आले.

अरुण खालून गेला. भाऊजींनी गज आणि डोकं ह्यांच्या मधून पलीकडची भिंत पाहिली.

"बर्र होती," ते म्हणाले. मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी समजावलं. लोखंड कापलं की काठावर थोडी धार उभी राहते, तिला बर्र म्हणतात. आधी हात फिरवून ती काढायची, मग गेज लावायचं. फॅक्टरीत नव्या पोऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. "मी हात नाही फिरवला. माल खरा होता. चूक तपासणाऱ्याची."

"चूक माझी, भाऊजी. डबा मी पाडला."

"तुमची तर आहेच," ते म्हणाले. "चला."

सायकलवर आम्ही तिघं निघालो. अरुण पुढच्या दांड्यावर, मी मागे, आणि माझ्या हातात आडवी धरलेली कमान. रस्त्याच्या रुंदीपेक्षा ती थोडीच कमी होती. वाटेत मी एका छत्रीवाल्याची छत्री आणि एका वकिलाची टोपी उडवली. दोन आरे परवा गेलेच होते, त्यामुळे चाक प्रत्येक फेऱ्यात माझी आठवण काढत होतं.

दुबेजी गढ्याच्या बाजारात कढईसमोर होते. खोव्याची जिलबी तळली जात होती, जाड, काळीसावळी, आपल्या जिलबीची पैलवान मावशी. झाऱ्याशी एक उंच पोरगं उभं होतं, भाऊजींच्या कानाला लागेल एवढं. हाच गेल्या वर्षीचा सेंटर फॉरवर्ड.

भाऊजींनी गिऱ्हाइकांच्या गर्दीत कमान उभी केली. अरुणला खालून जायला सांगितलं. तो गेला. मग भाऊजी म्हणाले, "दुबेजी, सुबह मैंने ग़लत माल वापस किया. लड़के के सिर पर सूजन थी. मैंने हाथ नहीं लगाया. ग़लती मेरी है."

दुबेजींनी झारा खाली ठेवला. हसतील असं मला वाटलं. त्यांनी त्या उंच पोराकडे पाहिलं, मग भाऊजींकडे.

"और पिछले साल? इसके सिर पर भी कुछ था?"

"मालूम नहीं," भाऊजी म्हणाले. "देखा नहीं था."

कढईतला एक घाणा काळा पडला, कोणी काढला नाही. मग दुबेजी म्हणाले, "कप तो नहीं लौटाऊँगा."

"कप नहीं चाहिए. इसको खेलने दो."

"किसके साथ? मैच तो हो गया."

"जो हो उसके साथ. अभी उजाला है."

दुबेजींनी कढई उतरवली. "ऐ लंबू," ते त्या उंच पोराला म्हणाले, "जा, सबको बुला ला. और तू भी आ."

तलावाकाठच्या सपाटीवर दगडांचे गोल मांडले. मापं झाली नाहीत, कमान एका झाडाला टेकून होती. पाच पोरं अरुणकडे, सहा लंबूकडे. लंबूच्या बाजूला गोलकीपर नव्हता, तो कप घेऊन आपल्या मामाच्या गावी दाखवायला गेला होता. म्हणून मला उभं केलं. "आपण सेक्रेटरी आहात ना?" असं भाऊजी म्हणाले, आणि मला नाही म्हणता येईना.

अरुण खेळला. आता मी बुवा खेळातला नाही, मला सांगता येणार नाही तो कसा खेळला. एवढं सांगतो, माझ्या डावीकडून एक गेला आणि उजवीकडून एक गेला, आणि दोन्ही वेळा मी ज्या बाजूला पडलो होतो ती दुसरी होती. लंबू वर्षभर खेळला नव्हता, त्याचे पाय त्याचं ऐकत नव्हते, पण तो हसत होता. दुबेजी दोन्ही टीमना शिव्या देत होते. कोणालाच हे संपायला नको होतं, आणि तळ्यावरचा उजेड हळूहळू पिवळा होत होता.

भाऊजी माझ्या गोलामागे सायकल धरून उभे होते. सहाला फॅक्टरीचा पहिला भोंगा झाला. लोकांनी घरून निघावं म्हणून तो तासभर आधी होतो, आणि गढ्याहून फॅक्टरी चांगली लांब. भोंग्याच्या ठोक्याला भाऊजींचं चाक फिरलंच पाहिजे, असा त्यांचा आजवरचा नेम.

तिकडे अरुण बॉल कोपऱ्यावर ठेवत होता, डाव्या पायानं जागा सारखी करत.

"भाऊजी!" मी मान वळवून ओरडलो. "भोंगा झाला!"

"ऐकला," ते म्हणाले. "तुम्ही समोर बघा. कॉर्नर आहे."